दोन कागदांमधली वाट

"अहो, गेलं बघा परत कुणीतरी," सरोजिनी म्हणाली आणि हातातली पळी आमटीत तशीच सोडून खिडकीशी गेली.

वेणीमाधवाने तोंडातला घास नुसताच घोळवला. रविवार होता, बाराला दहा कमी होते, आणि बाहेर सोलापूरचा चैत्र असा पेटला होता की अंगणातल्या शहाबादी फरशीवर नजर टेकली तरी डोळ्यांत पाणी यावे. अशा वेळी कावळासुद्धा सावली सोडत नाही. तरीही पावले वाजली होती.

"मांजर असेल," तो म्हणाला.

"मांजर जोडवी घालतं का हो?"

जोडव्यांचा आवाज त्यानेही ऐकला होता. घराच्या डाव्या अंगाला आठ फूट रुंद आणि तीस पावले लांब अशी एक पट्टी होती, तिला मागून भिंत, पुढून भिंत आणि शेजारच्या बाजूनेही भिंत. आत यायला स्वयंपाकघराच्या दारावाचून वाट नाही. आवाज मागच्या भिंतीपाशी उमटायचा, खिडकीखालून फरशीवर टण टण करत घाईघाईने जायचा आणि पुढच्या भिंतीशी पोचला की थांबायचा. मग बाराचा भोंगा व्हायचा, दूरच्या मिलचा. त्यानंतर काही नाही. फक्त ज्वारीच्या भाकरीचा आणि लसणाचा वास मागे राहायचा, आणि त्या दिवशी घरात तर पोळी आणि आमटी होती.

"पानावर बस आता," वेणीमाधव म्हणाला. "तुझं जेवण राहिलंय."

"मला दुपारचं जात नाही, ठाऊक आहे तुम्हाला." ती खिडकीचे गज धरून उभी होती. तिच्या उजव्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरा व्रण होता. "दुर्गा म्हणते, आईला डॉक्टरला दाखवा. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर सांगा बापडे. मी जाईन. पण मला भास होत नाहीत. ती येते. माझ्यावर तिचा राग आहे, म्हणून येते."

वेणीमाधवाने ताट बाजूला सारले. कारण राग कुणावर असायला हवा, हे सबंध सोलापुरात फक्त त्यालाच माहीत होते.

तो ट्रेसर होता. नव्या पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीत चनबसप्पा सर्व्हेअरची खाजगी कचेरी होती, तिथे तो सव्वीस वर्षे वाकून बसलेला. चनबसप्पाची माणसे रानात साखळ्या ओढून मोजणी करायची, कच्च्या कागदावर पेन्सिलीने उतरवून आणायची, आणि वेणीमाधव ते सगळे निळसर ट्रेसिंग कापडावर शाईने सुबक काढायचा. त्याची रेघ अशी की चनबसप्पा गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देऊन ती दाखवायचा. आता नकाशे काढणाऱ्याला रस्ते ठाऊक असतात, असे लोकांना उगीचच वाटते. घर ते कचेरी सोडून वेणीमाधव कुठे गेला असेल तर शपथ! अर्धे सोलापूर त्याने कागदावर काढले होते आणि त्यातले पावसुद्धा पायाखाली घातले नव्हते.

त्याचा जन्म गेला जुन्या पेठेत. तिथल्या बोळांचे एक बरे होते. एका बोळात शिरलेला माणूस चार ठिकाणी बाहेर निघायचा. कुणाच्या ओसरीवरून, कुणाच्या हौदाशेजारून, वाट अशी निघतच जायची, आणि कुणी अडवले तर ते "जेवून जा" म्हणायला. पण बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावाबाहेरच्या शेतांवर चुन्याच्या रेघा पडू लागल्या. सोसायट्या निघाल्या. ज्याचे शेत त्याचा आराखडा. आपापल्या शेतापुरते रस्ते काढायचे, बांध आला की रस्ता संपला. पलीकडच्याचा रस्ता पलीकडच्याने बघावा. वेणीमाधवाच्या टेबलावर असे कितीतरी रस्ते येऊन पडायचे, गुडघ्यात तुटलेले. त्याला त्याचे काही वाटायचे नाही. तो रेघ ओढायचा आणि टोकाला आडवी रेघ मारून ती बंद करायचा.

अशीच दोन शेते लागून होती. दोन्हींमधून एक जुनी गाडीवाट जायची, पलीकडच्या वस्तीपासून मिलच्या रस्त्यापर्यंत. दोन शेतांमधल्या बांधाशी आली की ती तीसेक पावले बांधाच्या कडेने चालायची आणि मग अलीकडच्या शेतात उतरायची. मोजणीच्या माणसांनी ती इमानाने टिपली होती, दुहेरी तुटक रेघेने. पण दैव बघा, ती तीस पावले नेमकी दोन कागदांच्या कडेवर आली. एक कागद पूर्वेच्या शेताचा, दुसरा पश्चिमेच्या.

चनबसप्पाच्या कचेरीत नियम होता, त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा: कडेवर जे येईल ते पश्चिमेच्या कागदावर काढायचे, पूर्वेच्या नाही, म्हणजे एकच गोष्ट दोनदा निघत नाही. श्रावणात वेणीमाधवाने पूर्वेचा कागद काढला आणि नियमाप्रमाणे ती वाट सोडली. दिवाळीनंतर पश्चिमेचा कागद हाती आला, तेव्हा त्याने कपाटातला पूर्वेचा कागद जुळवून पाहिला. कडेला हद्दीची काळीभोर, सरळ, सुंदर रेघ होती. हे काम आपण मागेच उरकले, असे त्याला वाटले. त्याने तीच रेघ इकडेही ओढली. दोन्ही कागद मंजूर झाले आणि वाट दोन्हींतून गळाली. तिच्यामुळे जोडले जाणारे दोन रस्ते आपापल्या जागी बंद झाले.

आणि इतक्या वर्षांच्या चाकरीची जाण ठेवून चनबसप्पाने त्याला स्वस्तात प्लॉट दिला तो कुठला, तर एक्केचाळीस नंबरचा. रस्त्याच्या अगदी टोकाचा, बांधाला लागून. "शेवटचा आहे, रहदारी नाही, निवांत राहशील," चनबसप्पा म्हणाला होता. प्लॉट मोजणीपेक्षा आठ फूट जास्त रुंद भरला तेव्हा वेणीमाधव खूश झाला होता. सरोजिनीने तिथे फरशी घालून घेतली आणि भिंतीच्या कडेने मोगरा लावला.

घरभरणीला महिनाही झाला नसेल. एका सकाळी तो सायकलला हवा भरत होता, तेव्हा फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळाला विभूती, इरकली लुगडे, पायांत जोडवी, आणि काखेत फडक्यात बांधलेला पितळी डबा.

"सायेब, हितनं वाट हुती की," ती म्हणाली.

"कुठली वाट, बाई?"

"गाडीवाट. तुमच्या ह्या घराच्या अंगानं जायाची. मी काशम्मा, पल्याडच्या वस्तीतली. आमचे मालक शिवप्पा कापडाच्या मिलमदी साच्यावर हायेत. तीस वर्सं झाली, ह्याच वाटंनं डबा नेते. बाराच्या भोंग्याला त्यास्नी सुट्टी हुती अर्दा तास. ते अर्दी भाकर खात्यात, मग उरलेली अर्दी मी तितंच लिंबाखाली बसून खाते. आता भिंत घातलीया कुनी तर. वळसा घालून पोचूस्तवर त्यांची सुट्टी सरती बगा."

"बाई, इथं वाट नव्हती कधी."

"अय्यो, नव्हती कशी? मी काय उडत जात हुते व्हय?"

ती हसली. तिचे हसणे साधे होते, भांडणाचे नव्हते. वेणीमाधवाला मात्र आपल्या नव्याकोऱ्या घरापुढे कुणी असे म्हणावे हे खपले नाही. तो आत गेला, प्लॉटचा नकाशा घेऊन आला आणि तिच्यापुढे त्याने तो सायकलच्या सीटवर पसरला.

"हे बघा. हे माझं घर. ही हद्द. कुठंय वाट? कागदावर नाही."

काशम्माने कागदाकडे पाहिले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण ती फार वेळ पाहत राहिली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "कागदावर न्हाय तर न्हाय. पायाला कसं सांगू?" आणि डबा काखेत घट्ट धरून वळसा घालायला निघाली.

त्या दिवशी कचेरीत गेल्यावर वेणीमाधवाने मोजणीचे कच्चे कागद काढले. दोन्ही कडा एकमेकींना लावल्या. पेन्सिलीची दुहेरी तुटक रेघ तिथे होती. त्याच्या घराच्या फरशीवरून, मोगऱ्यावरून, बरोबर जात होती. त्याने कागदांची गुंडाळी केली, दोरी बांधली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवली. कुणाला सांगायचे? सांगितले तर आठ फूट जातील, घराची शोभा जाईल, इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस चुकला असे होईल. दोन शब्दांचे काम होते. ते त्याने केले नाही, आणि ही गोष्ट सबंध त्याच्या त्या न बोलण्याची आहे.

पुढच्या वैशाखात, पंच्याहत्तर साली, व्हायचे ते झाले. वेणीमाधव कचेरीत होता. सरोजिनी स्वयंपाकघरात होती, आणि मागच्या भिंतीवर पलीकडून कुणीतरी थापा मारू लागले.

"कोण आहे?" तिने विचारले.

"वाट द्या की, अक्का. भोंगा हुईल."

रोज वळसा घालणारी काशम्मा त्या दिवशी जुन्या वाटेने आली होती. ऊन डोक्यात गेले की माणूस डोक्याने चालत नाही, पायाने चालतो. पायांनी तिला तिथे आणून सोडले आणि तिथे भिंत होती. ती भिंतीला टेकून खाली बसली. "पानी तरी द्या," ती म्हणाली.

सरोजिनीने तांब्या भरला. भिंत तिच्या डोक्यापेक्षा दीड हात उंच, वर काचा लावलेल्या. ती स्टुलावर चढली, पलीकडे तांब्या सोडायला गेली, तर काचेने तळहात उभा फाटला आणि तांब्या अलीकडेच पडला. "थांबा हं, आलेच मी," असे ओरडून तिने हाताला फडके गुंडाळले, तांब्या पुन्हा भरला आणि ती फाटकातून धावत निघाली. मधे एक वीत जाडीची भिंत होती. पण रस्त्याने जायचे तर सबंध सोसायटी ओलांडून मोठ्या रस्त्यावर, तिथून नाक्यापर्यंत, नाक्यावरून पलीकडच्या सोसायटीत, आणि तिथल्या तीन वळणांपैकी दोन चुकीची. सव्वा मैल. भर उन्हात, अनवाणी. ती पोचली तेव्हा काशम्मा भिंतीला पाठ लावून बसलेली होती. डबा मांडीवर, दोन्ही हात त्यावर. सरोजिनीने तिच्या तोंडाला तांब्या लावला. पाणी ओठांवरून खाली गेले, कोमट झालेले.

मेलेल्या माणसाच्या हातातला डबा सोडवायला दोन बायका लागल्या.

तेव्हापासून सरोजिनीला दुपारचे अन्न जात नव्हते. मी आणखी धावायला हवे होते, म्हणायची. मी ते दुसरे वळण चुकायला नको होते. वर्ष झाले, रोज तेच. वेणीमाधव तिची समजूत घालायचा, "तुझा काय दोष?" म्हणायचा. दोष कुणाचा, एवढेच सांगायचा नाही.

आणि आता हा चैत्र, आणि ही जोडवी.

रविवारच्या त्या जेवणानंतर तीन दिवसांनी सरोजिनीने त्याला सकाळी सकाळी हाक मारली. "इकडे या. बघा हे."

ती पट्टीतल्या फरशीवर सडा घालत होती. पाणी सगळीकडे सारखे पसरायला हवे, तसे ते पसरत नव्हते. मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत ते दोन रेघांमध्ये साचले होते, मधे कोरडा पट्टा. फरशी वर्षभरात दोन ठिकाणी खचली होती, सरळ, एका मापाने. दोन चाकोऱ्या. मोगऱ्याची मधली चार रोपे मुळातून वाळली होती, बाकीची हिरवीगार.

"माती बसली असेल," वेणीमाधव म्हणाला.

"बैलगाडीच्या मापानं बसली का माती?" सरोजिनी म्हणाली. "खरं सांगा, हे घर कशावर बांधलंय आपण?"

तो सायकल काढून निघाला. कचेरीत गेल्या गेल्या चनबसप्पापुढे उभा राहिला आणि त्याने सगळे सांगून टाकले. पूर्वेचा कागद, पश्चिमेचा कागद, कडेची रेघ. चनबसप्पाने विडा लावत शांतपणे ऐकले.

"वेणीमाधव, भिंत उभी राहिली नव्हती तोवर ती चूक होती," तो म्हणाला. "आता ती हद्द आहे. चाळीस बिऱ्हाडं राहतात तिथं. एक कागद उघडलास की माझे शंभर कागद उघडतील. तुझ्याच पदरात आठ फूट पडलेत ना? मग गप बसून मोगरा लाव."

"मोगरा जळतोय, साहेब."

"पाणी जास्त घाल."

वेणीमाधव आपल्या टेबलाशी आला. समोर नव्या सोसायटीचा कागद ताणून बसवलेला होता, त्यात तीन रस्ते टोकाला बंद करायचे होते. त्याने टाक शाईत बुडवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या टाकातून शाईचा थेंब कापडावर पडला आणि पसरला. तो उठला, कपाटाच्या तळातली ती गुंडाळी त्याने काढली, काखेत मारली आणि चनबसप्पा हाका मारत असताना जिना उतरला.

घरी पोचला तेव्हा पावणेबारा होत आले होते. त्याने स्वयंपाकघरातच जमिनीवर दोन्ही कागद पसरले, कडेला कड लावली, आणि सरोजिनीला बस म्हणाला.

"ही वाट. मोजणीत आलेली. मी काढली नाही. आधी नियमानं सोडली, मग विसरलो. हे आपलं घर त्या वाटेवर आहे. ती बाई फाटकाशी आली त्याच दिवशी मला कळलं होतं. मी गप्प बसलो."

सरोजिनीने कागदावरच्या दोन तुटक रेघांवरून बोट फिरवले. मग त्याच्याकडे पाहिले. वेणीमाधवाला वाटले ती रडेल. ती रडली नाही.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी रोज मनात तो वळसा धावतेय. आज दोन मिनिटं आधी पोचले, आज पाच मिनिटं आधी पोचले, असं म्हणत. आणि तुम्ही माझ्यासमोर जेवत बसता? 'तुझा काय दोष' म्हणता? अहो, मी तांब्या घेऊन तुमच्या एका रेघेभोवती फिरले!"

"हो," तो म्हणाला.

"एवढं सांगितलं असतंत तर मी सुखानं एक घास खाल्ला असता हो!"

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी जोडवी वाजली. टण, टण, टण. वेणीमाधवाने मनात पावले मोजली. तिसावे पाऊल पुढच्या भिंतीशी पडले आणि थांबले. आणि मग, आजवर कधी झाले नव्हते ते झाले: भिंतीवर थाप पडली. हलकी, तळहाताची. एकदा, दोनदा. सरोजिनीने आपला व्रणाचा हात छातीशी धरला.

"उघडा," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी नाही. तुमच्या स्वतःसाठी उघडा. नाहीतर मी दुर्गाकडे जाते ती परत यायची नाही."

दुसऱ्या दिवशी निंगप्पा गवंडी आला. घर बांधले त्यानेच. "सायेब, दोन वर्साची भितडं पाडत्यात व्हय कुनी? घट्ट बांदलीया की मी," असे म्हणत त्याने आधी मागची भिंत आठ फूट फोडली आणि मग पुढची. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन लेखी देण्याची भाषा करून गेले. पलीकडच्या रस्त्याच्या टोकाला दोन पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्या थांबून बघू लागल्या. आपल्या रस्त्याला पुढेही रस्ता आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. विटांचा ढीग बाजूला झाला तेव्हा दोन रस्ते एकमेकांसमोर आले, आणि मधे ती तीस पावलांची फरशी, दोन चाकोऱ्यांची.

तिसऱ्या दिवशी सरोजिनी पहाटे उठली आणि तिने ज्वारीच्या दोन भाकऱ्या थापल्या. शेंगांची चटणी कुटली, लसूण सढळ घातला, झुणका केला, वर एक कांदा ठेवला. पितळी डब्यात ते सगळे भरून फडक्यात गाठ मारून तिने डबा वेणीमाधवापुढे ठेवला.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण? बाराला वीस कमी आहेत."

"मला मिलची वाट ठाऊक नाही, सरू. मी कधी गेलो नाही तिकडे."

"सांगेल ती," सरोजिनी म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

तो डबा काखेत धरून फरशीवर उभा राहिला. ऊन डोक्यावर आले होते, त्याची सावली त्याच्याच पायांत अडकली होती. मागे पाहायचा त्याला धीर होईना. मग जोडवी वाजली, मागच्या खिंडारातून आत आली, आणि जवळून गेली, इतक्या जवळून की लुगड्याचा फटकारा त्याच्या धोतराला लागल्यासारखे वाटले. ती पुढच्या खिंडाराशी थांबली नाही. रस्त्यावर उतरली. तो मागोमाग निघाला.

नकाशात त्याने हा भाग किती वेळा काढला होता! पण पायाखाली त्याचे काहीच ओळखीचे नव्हते. पाण्याच्या टाकीपाशी तीन रस्ते फुटत होते. तो भांबावून उभा राहिला, तोच डाव्या बाजूला टण असा आवाज आला. तो डावीकडे वळला. पुढे एक ओढा, त्यावर दगडी फरशा. आवाज फरशांवरून गेला. पुढे बंद दुकानांची ओळ, तिच्या मागून एक अरुंद बोळ, तो सरळ मिलच्या रस्त्यावर निघाला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि तरी चालताना त्याला पहिल्यांदा कळत होते की रस्ता म्हणजे काय. कुठे सावली आहे, कुठे चढ आहे, कुठे बाईमाणसाने घटकाभर टेकावे असा दगड आहे. यातले काहीही त्याच्या कुठल्याच कागदावर नव्हते.

घरापासून मिलचे फाटक अकरा मिनिटांवर होते. तो पोचला आणि भोंगा झाला.

फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर आला. ज्याचे त्याचे डबे, ज्याची त्याची सावली. जोडव्यांचा आवाज त्या गलक्यात हरवला. वेणीमाधवाने रखवालदाराला विचारले, "शिवप्पा कुठं भेटतील?"

"ते काय, लिंबाखाली," रखवालदार म्हणाला. "रोज तितंच बसत्यात. काय खायाचं न्हाय, प्यायाचं न्हाय, नुसतं रस्त्याकडं बगायचं. कारभारीन मरून वरीस झालं की वो त्यांची."

कडुलिंबाच्या पारावर एक वाळलेला म्हातारा बसला होता. अंगावर सुताचे कण, पापण्यांवरसुद्धा. वेणीमाधव त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याने डबा पारावर ठेवला. येताना सबंध वाटेत जुळवलेले बोलणे आता आठवेना.

"मी तिथला, बंद रस्त्यापाशी राहतो तो," तो म्हणाला. "तिथली वाट मी बुजवली. मीच. कागदावर काढायची होती, काढली नाही. तुमच्या मंडळींनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो. आता उघडली आहे. हे... हे घरून."

शिवप्पाने मान वर केली नाही. त्याने फडक्याची गाठ सोडली, झाकण काढले. लसणाचा वास पसरला. बराच वेळ तो त्या भाकरीकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुसले, भाकरी घेतली आणि मधोमध मोडली. अर्धी स्वतःपुढे ठेवली. अर्धी पलीकडे, फडक्याच्या दुसऱ्या टोकावर.

"लवकर आलीस आज," तो म्हणाला.

तो वेणीमाधवाशी बोलत नव्हता. त्याची नजर वेणीमाधवाच्या खांद्यावरून मागे लागली होती. म्हातारा पारावर थोडा सरकला, हाताने जागा झाडली, सावलीतली.

"उबारलीस का उनात? बस की."

वेणीमाधवाने मागे वळून पाहिले नाही. रिकामा डबा परत न्यायचा होता, म्हणून तो बाजूला झाला आणि दोघांचे जेवण होईपर्यंत उन्हातच उभा राहिला.